घोड्याचा रंग आणि घराण्याची वही

आमच्या पूर्णगडात घोडा नाही. पूर्वी कधी नांदला असेल असेही वाटत नाही. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकाडावर आमचा गड बसलेला आहे. बसलेला म्हणजे अगदी मांडी घालून. आकार एवढासा, की घोड्याने दौड मारायची म्हटली तर पहिल्या टापेला दरवाजा आणि दुसऱ्या टापेला अरबी समुद्र. महाराजांनी हा शेवटचा बांधला, गडांची संख्या पूर्ण झाली, म्हणून पूर्णगड, असे गावातले सांगतात. इतिहासवाले मध्येच कान्होजी आंग्र्यांचे नाव काढतात. तो वाद काही पूर्ण होत नाही.

तरीही घोडा या विषयावर मला मत आहे. महाराष्ट्रात जन्मलेल्या कुणालाही ते असतेच. चौकाचौकात पुतळा पाहून आपण मोठे होतो, आणि पुढचा पाय वर असला तर काय नि दोन्ही असले तर काय, हे अनोळखी माणसाला ऐकवतो. पण मी घोड्यांच्या पुस्तकांत खरा घुसलो तो आमच्या कुलवृत्तांतामुळे.

कुलवृत्तांत ही कोकणातली खास वस्तू. हापूस पेटीतून मुंबईला जातो, तसे घराणे कापडी बांधणीतून भावबंदांकडे जाते. मूळ पुरुष अमुक, त्याला मुलगे चार, त्यातला एक देशावर गेला, एक निपुत्रिक, एक तापाने वारला. गोरा रंग, घारे डोळे, तल्लख बुद्धी ही घराण्याची वैशिष्ट्ये प्रस्तावनेत. (तल्लख बुद्धी नसलेले घराणे अजून माझ्या वाचनात आलेले नाही. मग बाकीची माणसे येतात कुठून?) ही वही चाळताना मनात आले, की अशी वही माणसांखेरीज आणखी कुणाची ठेवतात? आणि उत्तर मिळाले, घोड्यांची.

घोडा कोकणाला तसा परका नव्हे. दख्खनच्या सुलतानांचे घोडे गलबतांतून आमच्याच किनाऱ्यावर उतरत. आमच्या जिल्ह्यातले दाभोळ हे त्या व्यापाराचे मोठे ठाणे. पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून चौलला उतरला. एकच घोडा! तो घेऊन स्वारी जुन्नरला पोचली, तर तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि सांगितले, धर्म बदल, घोडाही देतो नि वर मोहरा देतो. बिचाऱ्याची एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडा सुटला. याच निकितिनने लिहून ठेवले आहे, की मी जिथे जातो तिथे लोक मागून येतात, गोऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटते. म्हणजे तेव्हा गोरेपणाचे आपल्याकडे नवल होते. त्याचा हव्यास होऊन तो लग्नाच्या जाहिरातीत कधी शिरला, याचा कुणीतरी शोध घ्यायला हवा.

घोड्याची वही मात्र आधी कुळासाठी नव्हती, ती चोरीसाठी होती. सरदाराने शंभर घोडे ठेवायचे, पगार शंभरांचा घ्यायचा, आणि पागेत तीस बांधायचे. हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याचे सत्तर आणून उभे करायचे. सरकारी तपासणीच्या दिवशी शाळेत पोरे कशी भरतात, तसेच. यावर अल्लाउद्दीन खिलजीने घोड्याला डाग द्यायची पद्धत काढली. पुढे १५७४ च्या सुमारास अकबराने तीच पुन्हा चालू केली, आणि सोबत घोड्याचे वर्णनही कागदावर चढवले. त्या वर्णनात रंग आलाच. आपल्या भाषेतले घोड्याचे रंग त्याच दफ्तरी वाटेने आलेले दिसतात. तांबूस अंगावर काळी आयाळ तो कुमैत. काळाभोर तो मुश्की. ठिपक्याठिगळांचा तो अबलख. सगळा गोरापान, कातडीही गुलाबी, तो नुकरा. चारी पाय आणि तोंड पांढरे तो पंचकल्याणी. हा शुभ. अमक्या जागी भोवरा असला की मालकाचा निर्वंश, तमक्या जागी असला की राज्यप्राप्ती. घोड्याला यातले काही ठाऊक नसते. तो हरभरा खातो.

कुळाची खरी वही घातली ती इंग्रजांनी. १७९१ साली लंडनच्या वेदरबी नावाच्या गृहस्थाने शर्यतीच्या घोड्यांची जनरल स्टड बुक काढली. बाप कोण, आई कोण, आजा कोण, जन्म कधी, रंग कोणता. मूळ पुरुष तीन: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गॉडॉल्फिन अरेबियन. तिघेही पूर्वेकडून आलेले. म्हणजे इंग्रजांच्या शुद्ध घोड्याचा मूळ पुरुषही बाहेरगावचाच निघाला. आमच्याही कुलवृत्तांतात मूळ पुरुष कुठूनतरी आलेलाच आहे. जागचा कुणीच नसतो. हिंदुस्थानातल्या शर्यतीच्या घोड्यांची अशीच वही आज पुण्यात ठेवली जाते. पुण्यातच असणार. शुद्धाशुद्धतेची बाब आहे ना!

या लंडनच्या वह्यांवरून पुढे एक मोठी मारामारी झाली. मेंडेलचे वाटाण्यांवरचे काम १९०० साली नव्याने उजेडात आले होते. ते प्राण्यांना लागू पडते की नाही यावर विलायतेत दोन तट पडले. हर्स्ट नावाच्या संशोधकाने एकही घोडा न पाळता एक युक्ती केली. त्याने स्टड बुक उघडली आणि रंग मोजत सुटला. तांबड्या घोड्याला तांबडी घोडी मिळाली, की शिंगरे जवळजवळ सगळी तांबडी. कुमैताला कुमैत मिळाला, तर मात्र मधूनच एखादे तांबडे निघे. म्हणजे तांबडा रंग कुमैताच्या पोटात दडून बसतो आणि नातवाच्या अंगावर उगवतो. १९०५ च्या डिसेंबरात त्याने हे मांडले. ऑक्सफर्डचे प्रोफेसर वेल्डन खवळले. 'जवळजवळ सगळी' म्हणजे काय? उरलेल्यांचे काय? ते स्टड बुकाच्या वह्या घेऊन बसले आणि अपवाद हुडकू लागले. रात्रंदिवस तेच. १९०६ च्या एप्रिलमध्ये न्यूमोनियाचे निमित्त झाले आणि वेल्डनसाहेब ४६ व्या वर्षी गेले. घोड्यावरून पडून मेलेली माणसे इतिहासात पुष्कळ आहेत. घोड्यांच्या वंशावळीत बुडून गेलेला हा एकच असावा.

आणि अपवाद? बरेचसे कारकुनी चुका. कुणी शिंगराचा रंग घाईने लिहिला, कुणी बाप भलताच लिहिला. वही खोटे बोलली होती, रंग खरे बोलत होता.

१९९६ साली तो दडलेला जनुकच शास्त्रज्ञांनी नेमका पकडला. हिशेब आपल्यासारख्या माणसालाही कळेल असा आहे. घरात काळ्या शाईची दौत आहे की नाही, हे एक जनुक ठरवतो. ती शाई सगळीकडे सांडायची की फक्त आयाळ, शेपूट आणि पाय यांवर, हे दुसरा. दौतच नसली तर घोडा तांबडा. दौत आहे आणि सगळीकडे सांडली, तर काळा. जागच्या जागी सांडली, तर कुमैत. प्रत्येक शिंगराला आईकडून एक चिठ्ठी आणि बापाकडून एक. दौत असल्याची एक चिठ्ठी मिळाली तरी काम भागते. दुसरी 'दौत नाही' अशी कोरी चिठ्ठी तशीच खिशात राहते आणि पिढ्यान् पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही.

पांढऱ्या घोड्याची तर गंमतच आहे. आपण ज्याला पांढरा म्हणतो, तो बहुतेक वेळा जन्मतः काळा किंवा तांबडा असतो आणि पुढे काही वर्षांत पिकतो. जगातल्या अशा सगळ्या घोड्यांत जनुकाचा एकच तुकडा चुकून दोनदा छापला गेलेला आहे, आणि तो हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजापासून आला आहे, हे २००८ साली कळले. त्याची किंमतही आहे. असे घोडे पंधरा वर्षांपुढे गेले, की बहुतेकांच्या कातडीवर काळ्या गाठी येतात. गोरेपणासाठी एवढे मोजावे लागते, हे जाहिरातीत कुणी छापत नाही.

एवढे शास्त्र हाती आल्यावर वह्या शहाण्या व्हायला हव्या होत्या. पण घोडे पेंड खाते ते इथेच. हॉलंडच्या फ्रीजियन घोड्याची वही १८७९ पासूनची. घोडा काळाच पाहिजे. आता दोन काळ्यांच्या पोटी तांबडे निघू शकते, म्हणून नराची तपासणी होते, आणि त्याच्या खिशात कोरी चिठ्ठी सापडली तर त्याला वंश वाढवायची परवानगी नाही. अमेरिकेच्या क्वार्टर हॉर्सवाल्यांनी १९४० साली संस्था काढली. त्यांचा नियम असा, की आई वहीत, बाप वहीत, पण शिंगराच्या अंगावर ठरल्यापेक्षा जास्त पांढरे दिसले, तर त्याचे नाव वहीबाहेर. २००४ साली हा नियम त्यांनी रद्द केला, तोवर कितीतरी शिंगरे आईबापांच्या डोळ्यांदेखत बेवारशी झाली. आणि आपल्याकडचा मारवाडी? देवाधर्माच्या कामाला पांढरा मुद्दाम पैदा करतात, पण मारवाडीच्या वहीत पांढऱ्याला सहसा जागा मिळत नाही. नवरदेवाला मिरवायला चालतो, नाव लावायला चालत नाही.

इथे मला आमची थोरली आत्या आठवते. दोन्हीकडचे आजी-आजोबा गोरे, घारे, आणि आत्या सावळी. सावळी हा कुलवृत्तांतातला शब्द. गावातला शब्द काळी. माणसाच्या रंगाचे जनुक घोड्याहून पुष्कळ, हिशेब इतका सोपा नाही. पण कुणाच्यातरी खिशातली चिठ्ठी पिढ्या ओलांडून तिच्या हाती आली, एवढे खरे. सतरा स्थळे आली. सतराही चहा-पोहे खाऊन, मुचकुंदीची तर धरून परत गेली. "मुलगी गुणी आहे, पण..." या 'पण'पुढे कुणी काही बोलले नाही. आत्याने मग घर चालवले. बाप अंथरुणाला खिळला त्याचे केले, भावाच्या पाच पोरांना अक्षरे शिकवली, त्यात मीही. गड्यांचे हिशेब, आंब्याचे सौदे, कोर्टातल्या तारखा, सगळे तिच्याकडे. व्यापारी घासाघीस करायला लागला, की ती म्हणे, "आंब्याचा रंग बघतोस होय? कापून बघ मेल्या!"

कुलवृत्तांतात तिच्या नावापुढे एकच शब्द आहे. अविवाहित. तिच्या खालच्या ओळीत एका चुलत्याने मॅट्रिकच्या परीक्षेला बसल्याची नोंद आहे. बसल्याचीच.

मी संपादक मंडळाला पत्र लिहिले. दोन महिन्यांनी उत्तर आले: "ठरलेल्या नमुन्यात बदल करता येत नाही." क्वार्टर हॉर्सवाल्यांना साठाहून अधिक वर्षे लागली, आमच्या मंडळींना तर अजून शतकही झालेले नाही.

मात्र एक वही अशी निघाली, की माझा त्या जातीवरचा राग जरा निवळला. आपल्या देशातल्या जनावरांच्या जातींची नोंद कर्नालची संस्था करते. तिने २०१८ साली आमच्या कोकणातल्या बुटक्या गाईला 'कोकण कपिला' म्हणून नोंदवले. कपिला म्हणजे तांबूस. पण वहीत काळी, पांढरी, मिश्र, सगळ्या कपिलाच. नावात रंग आहे, अट नाही. मग २०२३-२४ मध्ये भीमथडीचा नंबर लागला. भीमेच्या काठचा तो दख्खनी तट्टू. दाभोळ-चौलला उतरलेल्या अरबी-तुर्की घोड्यांचे रक्त आणि इथल्या तट्टांचे रक्त मिसळून झालेला. मराठ्यांची फौज याच्या पाठीवरून अटकेपर्यंत गेली असे आपण छाती फुगवून सांगतो, आणि इतकी वर्षे सरकारदरबारी तो 'गावठी' या एका शब्दात जमा होता. देशी घोड्यांची ही आठवी जात नोंदवायची, तर ती वेगळी आहे हे दाखवावे लागते. त्यासाठी मापे घेतली, रक्त तपासले. घोडे कुमैत होते, तांबडे होते, करडे होते. रंगावरून कुणाला परत पाठवले नाही.

आणि मधल्या काळात ही जात टिकवली कुणी? सरदारांनी नव्हे, त्यांच्या पागा केव्हाच मोडल्या. टिकवली मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरांनी. ते घोड्याच्या पाठीवर घर लादतात. खाट, भांडी, कोंबड्या, वर बसवलेले पोर. घोड्याचा आजा कोण हे त्यांनी कागदावर लिहून ठेवले नाही. घाट चढतो का, कमी चाऱ्यात भागते का, पोराला पाडत नाही ना, एवढेच पाहिले. चांगल्याचे बीज ठेवले. दोनशे वर्षांनी शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन आले, तेव्हा जात जागच्या जागी होती.

आमच्या कुलवृत्तांताची सुधारित आवृत्ती निघणार असल्याचे परवा पत्रक आले. सोबत माहितीचा तक्ता आहे. नाव, जन्मसाल, शिक्षण, विवाह, अपत्ये. मी आत्याच्या नावाचा तक्ता भरला. 'विवाह' आणि 'अपत्ये' या दोन रकान्यांपुढे रेघ मारली. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती, तिथे पुष्कळ जागा होती.