छंदाची संकेतस्थळे आणि इतिहासाची साधने : जिओसिटीजचा विचार (१९९४–२००९)

मराठी इतिहासलेखनात साधनांची चर्चा बहुतांशी दप्तरे, बखरी, सनदा व पत्रव्यवहार यांभोवती फिरते. पुण्याच्या पेशवे दप्तरात सामान्य रयत भेटते ती प्रायः सारा, तक्रार अथवा दंड यांच्या निमित्ताने. आपल्या आवडीनिवडींविषयी ती काय बोलत होती, याची नोंद तेथे क्वचितच सापडते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र लक्षावधी सामान्य माणसांनी आपल्या छंदांविषयी स्वतः लिहिले आणि ते जगापुढे मांडले. यांपैकी बहुतेकांना संगणकाचे तांत्रिक शिक्षण नव्हते. हे कसे शक्य झाले आणि त्या सोयीची किंमत त्यांच्या लेखनाला कशी मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात जिओसिटीज या अमेरिकी सेवेच्या आधारे केला आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचण्याची आणि लिहिण्याची अशा दोन्ही सोयी होत्या, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. तो केवळ नेक्स्ट संगणकावर चालत असे. १९९३ मध्ये मोझेक आला, वेबचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु मोझेक हे वाचण्याचे साधन होते. लिहिणाऱ्याला एचटीएमएलच्या खुणा शिकाव्या लागत, फाइली सर्व्हरवर चढवाव्या लागत आणि मुळात सर्व्हरवर जागा मिळवावी लागे. ही जागा विद्यापीठ वा तंत्रज्ञानाची कंपनी यांच्याकडेच असल्याने प्रारंभीची वैयक्तिक पाने प्रामुख्याने विद्यार्थ्यांची, संशोधकांची व अभियंत्यांची आहेत. अडसर केवळ ज्ञानाचा नव्हता, जागेचाही होता, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

डेव्हिड बोनेट व जॉन रेझ्नर यांनी १९९४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ नावाने सुरू केलेल्या उद्योगाने हा दुसरा अडसर दूर केला. पुढे जिओसिटीज या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या सेवेने जागा विनामूल्य दिली आणि ती देताना नगराची कल्पना योजिली. चित्रपटप्रेमींनी हॉलिवूड वस्तीत राहावे, विज्ञानकथांच्या चाहत्यांनी एरिया५१ मध्ये, शिक्षण व तत्त्वज्ञान यांत रमणाऱ्यांनी अथेन्समध्ये, कुटुंब आणि पाळीव प्राणी यांविषयी लिहिणाऱ्यांनी हार्टलँडमध्ये. प्रत्येकास चार आकडी घरक्रमांक मिळे व सदस्यांना ‘होमस्टेडर’, म्हणजे नव्या जमिनीवर वस्ती करणारे, असे म्हटले जाई. सर्व्हर म्हणजे काय हे ज्याला उमगत नव्हते, त्याला पत्ता म्हणजे काय हे निश्चित कळत होते. या रूपकाचे यश त्यातच आहे.

प्रत्यक्ष पान तयार करण्यासाठी ब्राउझरमध्येच सोपे संपादक उपलब्ध होते. शीर्षक, पार्श्वभूमी, मजकूर व चित्र यांची निवड केली की पान सिद्ध होई. तथापि या पानांचे कर्ते ‘तंत्रज्ञान न जाणणारे’ होते, हे विधान अर्धेच खरे मानावे लागते. कोणत्याही पानाची मूळ एचटीएमएल संहिता ब्राउझरमधून पाहता येत असे. आवडलेल्या पानाची संहिता पाहायची, ती उतरवून घ्यायची, त्यात आपले नाव घालायचे व काय बिघडते ते पाहायचे, अशी ही शिकण्याची रीत होती. गित्ता गिरवून अक्षर वळवण्याच्या आपल्याकडील पद्धतीशी तिचे नाते जवळचे आहे. पुनःपुन्हा आढळणारी हलती चित्रे, चांदण्यांची पार्श्वभूमी, भेटींचा आकडा, गेस्टबुक आणि रस्त्याच्या कामावरील पाटीसारखी ‘काम चालू आहे’ ही खूण (बहुधा ते काम कधीच पुरे होत नसे) या सर्वांची नंतरच्या काळात थट्टा झाली. अभ्यासकाने मात्र त्यांकडे हस्तलिखितांच्या परंपरेतील नकलकारांच्या खुणांप्रमाणे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कोणी कोणाचे पाहून लिहिले, याचा माग त्यांतून काढता येतो.

मराठी माणसापुढे याखेरीज लिपीची अडचण होती. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश असला, तरी विंडोजमध्ये तिला आधार मिळाला तो विंडोज २००० पासून. तोपर्यंत रोमन अक्षरांत लिहावे, मजकुराचे चित्र करून टाकावे, अथवा शुषासारखा फॉन्ट वाचकाला उतरवून घ्यावयास सांगावे, असे मार्ग होते. अशा फॉन्टमधील पान जतन झाले तरी आज फॉन्टवाचून ते निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगेसारखे दिसते. मोडी न जाणणाऱ्यापुढे मोडी कागद ठेवावा तसे.

जागा विनामूल्य होती, पण ती स्वतःची नव्हती. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सदस्यांची, त्यांत मुलांचीही, खासगी माहिती कशासाठी गोळा केली जाते याविषयी दिशाभूल केल्याच्या आरोपावरून जिओसिटीजशी तडजोडीचा करार केला. जानेवारी १९९९ मध्ये याहूने सुमारे साडेतीन अब्ज डॉलर किमतीच्या समभागांच्या मोबदल्यात ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नव्या अटींद्वारे सदस्यांच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगितला गेला तेव्हा ‘रहिवाशांनी’ जोरदार निषेध केला आणि अटी बदलाव्या लागल्या. वस्त्यांची रचनाही याहूच्या काळात मागे पडली. आपण या नगराचे नागरिक नसून भाडेकरू आहोत, तेही भाडे न देणारे, हे सदस्यांना तेव्हाच उमगायला हवे होते, असे आज म्हणणे सोपे आहे.

एप्रिल २००९ मध्ये सेवा बंद होणार असल्याचे घोषित झाले व २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद झाली. (जपानमधील शाखा मार्च २०१९ पर्यंत चालू होती.) मधल्या अवधीत जेसन स्कॉट यांच्या पुढाकाराने ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी व स्वतंत्रपणे इंटरनेट आर्काइव्हने जमेल तेवढी पाने उतरवून घेतली. कोणत्याही शासकीय अभिलेखागाराने नव्हे, तर हौशी मंडळींनीच हौशी मंडळींचे दप्तर वाचविले. ओलिया लियालिना व ड्रागन एस्पेनशीड या कलावंतांनी या संग्रहातील पानांचे त्यांच्या मूळ रूपात दर्शन घडविले, तर इतिहासकार इयन मिलिगन यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात त्याचा ऐतिहासिक साधन म्हणून ऊहापोह केला.

येथे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ‘एन्चँटेड फॉरेस्ट’ या मुलांच्या वस्तीत दहा-बारा वर्षांच्या लेखकांनी आपल्या मांजरांविषयी लिहिले ते मित्रांसाठी, संशोधकांसाठी नव्हे. हे लेखक आज मध्यमवयाकडे झुकले आहेत आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नाही. पेशवे दप्तरातील अर्जदाराबाबत ही अडचण काळाने मिटवली आहे. येथे ती मिटलेली नाही. त्यामुळे अशी पाने उद्धृत करताना नाव व पत्ता वगळण्याचा संकेत प्रस्तुत लेखकाने पाळला आहे, जरी त्यामुळे पडताळणीचे शास्त्र लंगडे होते. संग्रहातील पुष्कळ पानांवर चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. ते चित्र लेखकाने स्वतःजवळ ठेवलेलेच नव्हते. ते दुसऱ्या कोणाच्या पानावरून तेथे उमटत असे, आणि ते पान कोणी उतरवून घेतले नव्हते.