तळटीप १४ : सप्लिकंट

१४. सप्लिकंट : 'डब्ल्यूपीए सप्लिकंट'. लिनक्स संगणकाला वायफायशी जोडणारा मुक्त प्रोग्राम. योउनी मालिनेन यांनी २००३ पासून लिहिलेला. घरचे आणि कचेरीचे वायफाय पासवर्डासह त्याच्या फाइलीत एकदा नोंदवले, की केबिन रोडवरच्या (भाईंदर पूर्व) घरातून निघालेला लॅपटॉप कचेरीत आपोआप जोडला जातो. एकाच नावाचे दोन राउटर असले, तर खरी गरज 'बीजीस्कॅन' या ओळीची. ती नसेल तर लॅपटॉप बहुधा क्षीण सिग्नललाच चिकटून राहतो. 'सिंपल:३०:-६५:३००' म्हणजे सिग्नल उणे ६५ डीबीएमखाली उतरला तर दर ३० सेकंदांनी, एरवी दर ३०० सेकंदांनी, अधिक चांगला राउटर शोधणे.