द गिफ्ट (बफी द व्हॅम्पायर स्लेयर)

'द गिफ्ट' हा 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या अमेरिकी अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिकेच्या पाचव्या पर्वाचा अखेरचा आणि एकूण मालिकेचा शंभरावा भाग आहे. तो २२ मे २००१ रोजी 'द डब्ल्यूबी' या वाहिनीवरून प्रसारित झाला. त्याचे लेखन व दिग्दर्शन मालिकेचे जनक जॉस व्हेडन यांनी केले. या भागाच्या शेवटी नायिका बफी समर्स (सारा मिशेल गेलर) धाकट्या बहिणीला वाचवण्यासाठी स्वतःचे प्राण देते.

पार्श्वभूमी

मालिकेचे कथानक कॅलिफोर्नियातील सनीडेल या कल्पित गावात घडते. रक्तपिपासू व्हॅम्पायर व अन्य दुष्ट शक्तींशी लढण्याचे सामर्थ्य आणि कर्तव्य एका निवडलेल्या मुलीकडे येते. तिला 'स्लेयर' म्हणतात. एक मरण पावली की दुसरी तिची जागा घेते. स्लेयरला दीर्घायुष्य नसते, हे त्यामुळे आरंभापासूनच गृहीत आहे. स्वतः बफी पहिल्या पर्वाच्या शेवटी (जून १९९७) पाण्यात बुडून काही क्षण मृत झाली होती आणि मित्र झँडरने कृत्रिम श्वास देऊन तिला वाचवले होते.

चार पर्वे एकुलती एक असलेल्या बफीला पाचव्या पर्वाच्या प्रारंभी डॉन (मिशेल ट्रॅक्टनबर्ग) ही बहीण असल्याचे अचानक दाखवण्यात आले. सर्व पात्रे मात्र ती नेहमीच घरात होती अशा रीतीने वागतात. पुढे उलगडा होतो, की डॉन ही मुळात निरनिराळ्या विश्वांमधील भिंती उघडणारी 'किल्ली' म्हणजे एक ऊर्जा आहे. ग्लोरी (क्लेअर क्रेमर) या नरकलोकातून हद्दपार झालेल्या देवतेपासून ती लपवावी म्हणून काही साधूंनी तिला मानवी रूप दिले आणि सर्वांच्या मनात तिच्या आठवणी पेरल्या. आठवणी खोट्या आहेत हे कळल्यावरही बफीचे प्रेम कमी होत नाही. पर्वाचा सारा भावनिक डोलारा याच गोष्टीवर उभा आहे. याच पर्वात दोघींची आई जॉइस हिचा आजारपणानंतर नैसर्गिक मृत्यू होतो आणि डॉनची जबाबदारी एकट्या बफीवर येते. 'इंटरव्हेन्शन' या भागात आद्य स्लेयरच्या रूपातील मार्गदर्शक शक्ती मृत्यू हीच बफीची देणगी असल्याचे तिला सांगते. बफी त्याचा अर्थ आपण केवळ मारेकरी आहोत असा घेते.

कथानक

ठरलेल्या घटकेला डॉनचे रक्त सांडले की विश्वांमधील भिंती कोसळणार आणि रक्त वाहायचे थांबेपर्यंत, म्हणजे तिचा प्राण जाईपर्यंत, त्या मिटणार नाहीत. विधी सुरू झालाच तर डॉनला मारावे लागेल, असे बफीचे गुरू रूपर्ट जाइल्स (अँथनी स्टुअर्ट हेड) स्पष्टपणे बोलून दाखवतात. बफी ठाम नकार देते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस तिने जग वाचवण्यासाठी आपला प्रियकर एंजल याच्या शरीरातून तलवार आरपार केली होती. तसे पुन्हा करण्याचे बळ आपल्यात उरलेले नाही, असे ती कबूल करते.

यानंतरची लढाई वेगवान आहे. बफीसारखी दिसणारी यंत्रबाहुली, राक्षसाचा हातोडा, इमारती पाडण्याचा लोखंडी गोळा अशी सर्व साधने वापरून ग्लोरीला जेरीस आणले जाते. डॉनच्या रक्षणाचे वचन दिलेला व्हॅम्पायर स्पाइक (जेम्स मार्स्टर्स) मात्र मनोऱ्यावरून खाली फेकला जातो आणि डॉक (जोएल ग्रे) हा म्हातारा डॉनच्या अंगावर वार करतो. भिंती उघडू लागतात. डॉन स्वतःच उडी घ्यायला निघते. पण साधूंनी तिला आपल्यापासूनच घडवले, म्हणजे दोघींचे रक्त एक आहे, हे बफीच्या ध्यानी येते. डॉनचा निरोप घेऊन ती मनोऱ्यावरून प्रकाशाच्या भोवऱ्यात झेप घेते. भोवरा मिटतो. शेवटचे दृश्य तिच्या समाधिशिलेचे आहे.

आशय

इंग्रजीत एकाच शब्दाने व्यक्त होणाऱ्या दोन क्रिया मराठीत वेगळ्या आहेत: बळी देणे आणि स्वतः बळी जाणे. या भागातील संघर्ष नेमका या दोहोंमधला आहे. जाइल्सचा हिशोब गणिताच्या दृष्टीने चुकीचा नाही. एक जीव विरुद्ध असंख्य जीव. बफी तो हिशोब खोडून काढत नाही, त्यातली व्यक्ती बदलते. मार्गदर्शक शक्तीच्या वचनाचाही अर्थ तेथे उलटतो: मृत्यू ही तिने इतरांवर लादण्याची गोष्ट न राहता तिने दिलेली भेट ठरते.

एकाच रक्ताची युक्ती ऐनवेळी काढलेली पळवाट आहे, असा आक्षेप घेता येतो. तो फारसा टिकत नाही. 'ब्लड टाइज' या आधीच्या भागात बफीने आपल्या जखमेचे रक्त डॉनच्या रक्ताला लावून दोघींचे रक्त समान असल्याचे तिला पटवले होते. अधिक गंभीर प्रश्न असा, की नायिकेला निष्कलंक ठेवण्याची किंमत कोण देते? ग्लोरी बेन (चार्ली वेबर) या मर्त्य तरुणाच्या देहात वास करते. पराभूत ग्लोरी बेनच्या रूपात परतल्यावर बफी त्याला जिवंत सोडते. तिच्या पाठीमागे जाइल्स शांतपणे त्याचे नाकतोंड दाबून त्याचा जीव घेतात, कारण तो जगला तर ग्लोरी परत येणार आणि बफी हे कृत्य कधीच करणार नाही, हे ते जाणतात. म्हणजे बळी दिला जातोच. फक्त तो नायिकेच्या हातून नव्हे. बफीच्या उडीच्या तुलनेत या छोट्या प्रसंगाची चर्चा कमी होते, पण त्याच्यावाचून भागाचा नैतिक तोल कळत नाही.

नंतरच्या घटना

'द डब्ल्यूबी'वरील हा शेवटचा भाग ठरला. सहावे पर्व २ ऑक्टोबर २००१ पासून 'यूपीएन' वाहिनीवर सुरू झाले. त्यात बफी नरकयातना भोगत असावी या समजुतीने मैत्रीण विलो (ॲलिसन हॅनिगन) व इतर मित्र मंत्रसामर्थ्याने तिला परत आणतात. प्रत्यक्षात ती स्वर्गसुखात होती. हे गुपित ती प्रथम केवळ स्पाइकला सांगते. मित्रांना ते ६ नोव्हेंबर २००१ च्या 'वन्स मोअर, विथ फीलिंग' या संगीतमय भागात कळते.