शारीरिक क्षमता चाचणी व व्यायामयोजना

निरोगी प्रौढाचा दम, ताकद, लवचिकता व शरीरबांधणी मोजून त्याला झेपेल असा व्यायाम ठरविण्याची पद्धत. प्रथम छातीत दुखणे, चक्कर, सांधेदुखी, चालू औषधे यांची विचारपूस होते. तक्रार असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घेतात. मग विश्रांतीची नाडी, रक्तदाब व कंबरेचा घेर (भारतीयांसाठी मर्यादा : पुरुष ९० सेंमी., स्त्रिया ८० सेंमी.) नोंदवितात. दम पायरी-चाचणीने, तर दंड-छातीचा टिकाव जोरांच्या संख्येने अजमावतात. कमाल नाडीचा अंदाज २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करून काढतात. वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो मिनिटाला १८० येतो. जागतिक आरोग्य संघटना (२०२०) आठवड्याला १५०–३०० मिनिटे मध्यम व्यायाम व किमान दोन दिवस स्नायुबलवर्धन सुचविते.

शरीरावरील परिणाम असे मोजण्याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण : लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचे परिणाम क्ष-किरण व रक्तदाबमापनाने तपासले. मुंबईच्या लालबाग-परळमधील गोविंदा पथके गोकुळाष्टमीपूर्वी अनेक आठवडे दहीहंडीच्या मानवी मनोऱ्याचे थर वाढवीत सराव करतात. व्यायामयोजनेतील भार हळूहळू वाढविण्याचे तत्त्व येथेही लागू पडते. एकदम वाढविलेला भार, अपुरी विश्रांती आणि दमट हवेत पाणी न पिणे ही दुखापतीची व थकव्याची नेहमीची कारणे होत.