‘गिव्ह अप’ची साडेआठशे वर्षं

इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या घरातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. आई मुलाला ‘वेक अप’ म्हणते, थोड्या वेळानं ‘गेट अप’ म्हणते. जागं होणं वेगळं आणि अंथरुणातून उठणं वेगळं, हे तिथंही आहेच. मुलगा कोट ‘पुट ऑन’ करतो, जाताना दिवा ‘टर्न ऑफ’ करतो. दूध संपलं, तर ‘वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क’ असं वाक्य कानावर येतं. यात एकही अवघड शब्द नाही. पुट, टर्न, रन, अप, ऑफ, आऊट हे शब्द आपल्याकडे शाळकरी पोरालाही येतात. पण इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेला आपला माणूस परदेशी गेला, की नेमका इथंच अडखळतो. ‘रन’ म्हणजे धावणं, ‘आऊट’ म्हणजे बाहेर. मग दूध धावत कुठं गेलं?

क्रियापद आणि त्याला चिकटलेला छोटा शब्द मिळून वेगळाच अर्थ देणाऱ्या या जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव रूढ झालं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकामुळं. नाव सुचवल्याचं श्रेय त्यांनी ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. हे ब्रॅडली तरुणपणी शेफिल्डला सुऱ्या-कात्र्यांच्या एका पेढीत पत्रव्यवहार सांभाळणारे कारकून होते.

अडचण मात्र फार आधी ओळखली गेली होती. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे की, क्रियापदापुढं छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत आपल्या भाषेत फार आहे आणि परकीयांना सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. म्हणून अशा जोड्या त्यांनी कसोशीनं वेचल्या. एकट्या ‘टेक’चे त्यांनी १३४ अर्थ नोंदवले. इंग्रजी शिकताना रडकुंडीला आलेल्या कुणालाही हा आकडा दिलासा देईल.

आता आणखी मागं जाऊ. पीटरबरो इथल्या मठात भिक्षू वर्षवार बखर लिहीत असत. ती ११५४ सालापर्यंत येऊन थांबते. तिच्यात स्टीफन राजाची एक हकिगत आहे. रॉजर आणि अलेक्झांडर हे दोन बिशप भलतेच बलाढ्य झाले होते. त्यांचे स्वतःचे किल्ले होते. राजानं त्यांना ऑक्सफर्डला पकडलं आणि किल्ले सोडून देईपर्यंत कैदेत ठेवलं. हे ‘सोडून देणं’ सांगताना त्या भिक्षूनं जे दोन शब्द लिहिले, तेच आजचं ‘गिव्ह अप’. उच्चार तेव्हा ‘य’नं सुरू होणारा होता एवढंच. सिगारेट ‘गिव्ह अप’ करणारा आजचा माणूस साडेआठशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्यांची भाषा बोलत असतो!

त्याआधीच्या इंग्रजीत हे काम उपसर्ग करत. संस्कृतात ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तसाच प्रकार. ‘विथस्टँड’ किंवा ‘ओव्हरकम’ हे त्या जुन्या पद्धतीचे उरलेले नमुने. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला डेन्मार्क-नॉर्वेकडचे दर्यावर्दी लोक स्थायिक झाले. त्यांच्या भाषेत असे शब्द क्रियापदाच्या मागून येत. त्या शेजारामुळं इंग्रजीतल्या या बदलाला जोर मिळाला, असं अनेक अभ्यासक मानतात. ‘टेक’ आणि ‘गेट’ ही क्रियापदं तर सरळ त्या पाहुण्यांचीच. पीटरबरोही त्यांच्याच वस्तीच्या मुलखात येतं.

मग १०६६ साली नॉर्मन आले. दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालू लागली, धर्म आणि विद्या लॅटिनमध्ये होतीच. भाषेत दोन मजले तयार झाले. खालच्या मजल्यावर शेतकऱ्याचं ‘गिव्ह अप’, वरच्या मजल्यावर वकिलाचं ‘सरेंडर’. खाली ‘पुट अप विथ’, वर ‘टॉलरेट’. खाली ‘पुट ऑफ’, वर ‘पोस्टपोन’. अर्थ जवळपास तोच, मान मात्र वेगळा.

आपल्याकडे इंग्रजी आली ती या वरच्या मजल्यावरून. मेकॉलेचा खलिता १८३५ चा, मुंबई विद्यापीठ १८५७ चं. इंग्रजी बोलणारी आई किंवा शेजारीण आपल्याला लाभली नाही. लाभले ते ग्रंथ. आणि ग्रंथकारांतही आपल्या पहिल्या पिढ्यांना भारदस्त जॉन्सन भावले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या ‘रासेलस’चं भाषांतर हाती घेतलं, ते विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केलं, पुढं ‘निबंधमाले’त जॉन्सनवर प्रदीर्घ निबंधही लिहिला. गंमत अशी की, छोट्या शब्दांची अडचण जगाला सांगणारा हा पंडित स्वतः लिहिताना मात्र लॅटिन वळणाचे जड शब्द पसंत करी. आपण त्याची ती जड भाषा उचलली. त्यातून जड शब्द म्हणजे चांगली इंग्रजी, ही समजूत आपल्या डोक्यात बसली. आजही मुलाखतीला बसलेला खेड्यातला हुशार मुलगा ‘पुट ऑफ’ म्हणायला कचरतो, गावंढळ वाटेल म्हणून. ही भीती निराधार आहे. त्या भाषेतलं सर्वांत अस्सल, घरगुती बोलणं तेच आहे.

अर्थात ते सोपं आहे, असं नव्हे. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ नावाची ८५० शब्दांची भाषा मांडली. क्रियापदं फक्त १८. बाकी कामं ‘पुट’, ‘गेट’, ‘गो’ यांच्यापुढं ‘अप’, ‘इन’, ‘ऑफ’ जोडून भागवायची. चर्चिल यांनी १९४३ मध्ये हार्वर्डला भाषणात तिची भलामण केली. पण हिशेबात मेख होती. पुट, अप, विथ हे तिन्ही शब्द यादीत आहेत, म्हणून ‘पुट अप विथ’चा खर्च शून्य! शिकणाऱ्याला मात्र ‘सहन करणं’ हा अर्थ वेगळा पाठ करावाच लागणार. योजना मागं पडली, त्याचं हेच एकमेव कारण नव्हतं. पण हे कारण मोठं, असं मला वाटतं.

मराठी माणसानं मात्र इतकं बिचकायचं कारण नाही. आपण ‘खा’ म्हणतो आणि ‘खाऊन टाक’ही म्हणतो. त्यात फेकण्यासारखं काय असतं? ‘टाक’ इथं काम संपवण्याची खूण आहे. इंग्रज ‘इट अप’ म्हणतो, तेव्हा त्याच्या ‘अप’मध्येही वर जाण्यासारखं काही नसतं. ‘बोलून गेला’ म्हणजे कुठं गेला? ‘पैसे देऊन बसला’ यातला माणूस उभाही असू शकतो. ‘बसला’मध्ये आहे ती हळहळ. आपली संयुक्त क्रियापदं शिकताना परप्रांतीय मंडळींची जी तारांबळ उडते, तीच आपली तिकडं उडते. उपाय तोच : जोडी फोडायची नाही, पुरं वाक्य कानात साठवायचं.

शिवाय आपण नुसते शिकणारेही राहिलेलो नाही. चेकअप, सेंड-ऑफ, वॉकआऊट, रनआऊट या जोड्यांची मराठीनं केव्हाच नामं करून टाकली आणि पुढं आपलं ‘करणे’ जोडलं. ‘मला स्टेशनवरून पिकअप कर’ यात ‘पिक’ कुठला आणि ‘अप’ कुठला, याची विचारपूस कोण करतो? बैठक अलीकडं घेण्यासाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ही जोडी हाताशी होती. पण पुस्तकी शिक्षणाला जागून भारतीयांनी ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर ‘प्रीपोन’ रूढ केलं, आणि ऑक्सफर्डच्या कोशांनी ते घेतलंही.

‘पास आऊट’चा मासला तर बहारीचा आहे. लष्करी प्रशिक्षण पुरं झालं की ब्रिटिश सैन्यात ‘पासिंग आऊट’चं संचलन होतं. ती पद्धत आपल्याकडं आली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत ते संचलन आजही होतं. तोच शब्द आपल्या कॉलेजांनीही उचलला. म्हणून ‘मी अमुक साली पास आऊट झालो’ असं आपण अभिमानानं सांगतो आणि ऐकणारा इंग्रज काळजीत पडतो, कारण त्याच्या रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. खडकवासल्याच्या उन्हात संचलन चालू असताना एखादा छात्र खरोखरच घेरी येऊन पडला, तर इंग्रजीत त्यालाही ‘पास्ड आऊट’च म्हणावं लागेल.