परतीच्या हवेची गोष्ट

एक साधा प्रयोग करून बघा. पेटती मेणबत्ती वीतभर अंतरावर ठेवा आणि फुंकर मारा. विझेल. आता ती पुन्हा पेटवा आणि तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवायचा प्रयत्न करा. दम लागेल, पण ज्योत विझायची नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झेपावते. ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी गोळा होते, त्यामुळे तोंडापासून जरा लांब गेलं की तिचा जोर संपतो. इंजिनिअर मंडळी हेच आकड्यांत सांगतात. हवा फेकणाऱ्या नळीच्या व्यासाच्या सुमारे तीसपट अंतरावर हवेचा वेग दहावा हिस्सा उरतो. हवा ओढणाऱ्या नळीजवळ तो नुसत्या एका व्यासाच्या अंतरावरच दहाव्या हिश्श्यावर येतो.

एवढ्या छोट्या गोष्टीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचं एक भांडण आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक घरांत हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारं एकच यंत्र असतं, तळघरात किंवा एखाद्या कोनाड्यात. त्याच्यापासून निघालेले पत्र्याचे डक्ट खोलीखोलीत जातात आणि जमिनीतल्या किंवा छतातल्या छोट्या जाळ्यांतून हवा सोडतात. ही झाली जाणारी हवा. पण यंत्राला पुन्हा तापवायला किंवा गार करायला घरातलीच हवा परत हवी असते. त्यासाठी कुठेतरी एक मोठी जाळी असते, तिला म्हणतात ‘रिटर्न’. हवा सोडणाऱ्या जाळीवर माणसं हात धरून बघतात, पाय शेकतात. रिटर्नकडे कुणी बघत नाही. तिच्यासमोर खुशाल सोफा सरकवतात.

ही जाळी नेमकी कुठे असावी? वर की खाली? खिडकीशी की घराच्या मध्यभागी? प्रत्येक खोलीत की सगळ्या घराला मिळून एक? मला या वादाचा इतिहास वाचायला आवडतो, कारण दर पिढीने ही जाळी हलवली तेव्हा ती एका वेगळ्याच काळजीचं उत्तर शोधत होती.

पहिली काळजी होती माणसाच्या श्वासाची. १८३४ साली लंडनचं पार्लमेंट जळालं. खासदारांसाठी तात्पुरतं सभागृह उभं राहिलं आणि १८३६ मध्ये डेव्हिड बॉसवेल रीड नावाच्या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने त्यात हवेची नवी व्यवस्था बसवली. जमिनीला असंख्य बारीक भोकं पाडून खालून हवा आत सोडायची, माणसांच्या उच्छ्वासाने बिघडलेली हवा छतातून वर ओढून घ्यायची आणि बाहेरच्या उंच चिमणीत जाळ पेटवून त्या ओढीला जोर द्यायचा. वापरलेली हवा परत आणायची नाही, ती घालवायची. कल्पना उत्तम होती, पण खासदारांच्या बुटांखालची धूळ त्याच हवेवर स्वार होऊन नाकात शिरे. पुढे वेस्टमिन्स्टरच्या नव्या इमारतीत रीडच्या योजनेसाठी मधला मनोरा वाढवावा लागला. वास्तुविशारद चार्ल्स बॅरीशी त्याचं इतकं वाजलं की शेवटी, १८५२ मध्ये, रीडलाच जावं लागलं. नंतर तो अमेरिकेला गेला आणि तिथेच १८६३ मध्ये वारला.

हीच काळजी अमेरिकेत थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचली. कॅथरीन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो (‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका) यांनी १८६९ मध्ये ‘द अमेरिकन वुमन्स होम’ हे पुस्तक काढलं. त्यातल्या आदर्श घराच्या पोटात एक चिमणी आहे. तिच्या उष्णतेचा उपयोग करून खोल्यांतली खराब हवा बाहेर काढायची, अशी योजना. घराची हवा शुद्ध राखणं ही तेव्हा गृहिणीची जबाबदारी मानली जाई आणि बीचर भगिनी तिच्या हातात त्याचं शास्त्र देत होत्या.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. आपल्या जुन्या घरांतही हवेला परत फिरवायचा प्रश्न नव्हता. माळवदाच्या घराच्या छतात उजेड यायला आणि धूर जायला भोक असे, वाड्याला चौक असे, भिंतीत झरोके असत. हवा एकीकडून येई, दुसरीकडून जाई. परतीची वाट लागते ती दारं-खिडक्या बंद करून राहणाऱ्यांना, आणि ज्यांनी हवा तापवायला पैसे मोजलेत त्यांना.

दुसरी काळजी ही त्या पैशांचीच. एकोणिसाव्या शतकात तळघरातल्या कोळशाच्या भट्टीला बाहेरची ताजी हवा पुरवत, ती तापून वर खोल्यांत जाई आणि फटींतून निसटून जाई. बाहेर उणे पंधरा तापमान असताना ती हवा तापवायची आणि मग बाहेर सोडून द्यायची, म्हणजे कोळसा जाळून गाव तापवायचा. हळूहळू घरातलीच थंड झालेली हवा भट्टीकडे परत आणायची पद्धत रुळली. दरम्यान श्वासाच्या विषाची भीतीही ओसरत होती. बंद खोलीत गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः उकाड्याने आणि दमटपणाने, असं १९०५ मध्ये जर्मनीत कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवून दिलं.

या भट्ट्यांना पंखा नव्हता. गरम हवा हलकी म्हणून वर चढे, थंड हवा जड म्हणून खाली उतरे, बस्स. रहाटगाडगं आठवा. भरलेली गाडगी वर यायची तर रिकामी खाली जायलाच हवीत. माळेची एक बाजू अडली की दुसरीही थांबते. तसंच इथे. थंड हवेला खाली यायची ऐसपैस वाट नसेल तर गरम हवा वर चढतच नाही. म्हणून त्या काळच्या घरांत दिवाणखान्याच्या किंवा जिन्याजवळच्या जमिनीत भल्यामोठ्या लोखंडी जाळ्या दिसतात. काही घरांत त्या खिडक्यांखाली, बाहेरच्या भिंतींलगत असत, कारण काचेजवळ गारठलेली हवा तिथेच खाली घसरते. ती पायांवरून वाहत जाण्याआधीच पकडायची. गरम हवेचे नळ मात्र घराच्या आतल्या भिंतींत, भट्टीच्या जवळ ठेवत. जोर इतका कमी की लांबचा आडवा नळ परवडत नसे.

या सगळ्यात कारागिराचा अंदाज फार आणि मोजमाप कमी होतं. ते बदललं इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावात. तिथल्या विद्यापीठात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आर्थर विलर्ड यांनी भट्ट्यांचा अभ्यास सुरू केला आणि १९२४ मध्ये भट्टीवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मदतीने चक्क एक घर बांधण्यात आलं. साधं, मध्यमवर्गीय कुटुंबाला शोभेल असं, पण प्रयोगांसाठी. कोणत्या जाळीतून किती हवा जाते, जमिनीपाशी आणि छतापाशी तापमानात किती फरक पडतो, याच्या नोंदी तिथे वर्षानुवर्षं झाल्या. जपानी स्थलांतरितांच्या घरी अमेरिकेत जन्मलेले सेइची कोन्झो यांनी तर आपलं उभं आयुष्य या कामात घालवलं. १९३०च्या दशकात त्याच घरात उन्हाळ्यातल्या गारव्याचेही प्रयोग झाले.

तोवर विजेचा पंखा भट्टीला जोडला जाऊ लागला होता आणि सगळं गणित उलटं झालं. आता हवेला ढकलता येत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तळघर नसलेली, थेट काँक्रीटच्या लादीवर उभी राहिलेली स्वस्त घरं झपाट्याने बांधली गेली. त्यांच्या जमिनी बर्फासारख्या पडत. तेव्हा गरम हवेच्या जाळ्या बाहेरच्या भिंतींखाली, खिडक्यांशी नेण्यात आल्या. काचेवरून उतरणारा गारठा वर येणाऱ्या उबेने तिथेच अडवायचा. आणि रिटर्न? ती खिडकीपासून उचलून घराच्या मध्यात, बोळात आणून बसवली. म्हणजे तीस-चाळीस वर्षांत दोन्ही जाळ्यांनी जागांची अदलाबदल केली, आणि आपापल्या काळात दोन्ही बरोबर होत्या.

गारव्याने आणखी एक पेच टाकला. थंड हवा तळाशी साचते. रिटर्न जमिनीलगत असेल तर गार हवाच परत ओढली जाते आणि उकाडा छताशी तसाच राहतो, म्हणून उष्ण प्रदेशांत रिटर्न उंचावर नेण्याचा आग्रह झाला. काही घरांत तर वर एक आणि खाली एक अशा दोन जाळ्या असतात. हिवाळ्यात वरची बंद, उन्हाळ्यात खालची बंद. चित्रपटगृहांनी हा धडा आधीच गिरवला होता. सुरुवातीला थंड हवा जमिनीतून सोडत, तेव्हा प्रेक्षक पायांना वर्तमानपत्रं गुंडाळून बसत असं सांगतात. १९२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या मेट्रोपॉलिटन थिएटरात कॅरियर कंपनीने हवा वरून सोडली आणि परतीची वाट खाली, आसनांकडे ठेवली. पाय वाचले.

आता मेणबत्ती पुन्हा आठवा. ओढणाऱ्या जाळीचा जोर तिच्यापासून हातभर अंतरावर संपत असेल, तर ती वर आहे की खाली याने खोलीतल्या हवेच्या फिरण्यात फार मोठा फरक पडत नाही. खोलीतली हवा ढवळते ती सोडणारी जाळी. वर-खालीचा वाद अगदी निरर्थक नाही, पण रिटर्नच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच आहे: हवेला तिथवर पोचायला वाट आहे का?

हा प्रश्न मला कळला तो त्याच अर्बानात शिकायला असताना. आम्ही चौघं मराठी मुलं एका जुन्या घरात भाड्याने राहायचो. रिटर्न एकच, खालच्या बोळात. माझ्या वाट्याला वरची लहान खोली आली होती. रात्री अभ्यासासाठी दार लावलं की तासाभरात खोली गारठायची आणि दार उघडलं की पुन्हा ऊब यायची. घरमालक म्हणायचे, थर्मोस्टॅट वाढवा. त्याने खालच्या मजल्यावरचे तिघं घामाघूम व्हायचे आणि मी स्वेटर घालून बसायचो. शेवटी खालच्या खोलीतल्या नागपूरच्या मित्राने टिश्यू पेपरची एक पट्टी माझ्या बंद दाराच्या फटीशी धरली. ती बाहेरच्या बाजूला ताठ उडाली. खोलीत येणारी हवा त्या चिंचोळ्या फटीतून जिवाच्या आकांताने बाहेर पडत होती, आणि जेवढी बाहेर पडू शकत होती तेवढीच नवी आत येत होती. रहाटगाडगं अडलं होतं.

घराच्या मध्यात एकच रिटर्न ठेवल्याने पत्रा, मजुरी, जागा सगळं वाचलं. त्याची किंमत मात्र मोजली ती दार लावणाऱ्याने. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा, परीक्षेला बसलेली मुलगी, तान्ह्या बाळाला घेऊन निजलेली आई. ही व्यवस्था गृहीत धरते की घरातली सगळी दारं कायम उघडी असतील. असं घर कुणाचं असतं?

आणि प्रश्न नुसत्या गारठ्याचा नाही. बंद खोलीत हवेचा दाब वाढतो, तेव्हा बाकीच्या घरात तो कमी होतो, कारण यंत्र तिथूनच हवा ओढत राहतं. मग घर मिळेल तिथून हवा घेतं: फटींतून, गॅरेजमधून, आणि कधी पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बंबाच्या चिमणीतून. चिमणीतला धूर उलटा घरात येतो, त्याच्यासोबत वास नसलेला, रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड येतो. १९७३च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवायला घरांच्या फटी बुजवल्या गेल्या, तसा हा धोका वाढला. म्हणून आज अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना नियमांत काही गोष्टी स्पष्ट आहेत. न्हाणीघर, गॅरेज अशा जागांतून परतीची हवा घ्यायची नाही, आणि घरातली हवा घेऊन जळणाऱ्या उपकरणाच्या दहा फुटांच्या आत रिटर्न ठेवायची नाही. फ्लोरिडाच्या नियमांत तर बंद दाराच्या दोन्ही बाजूंच्या दाबात २.५ पास्कलपेक्षा जास्त फरक नको, असं लिहिलंय. एका कागदाच्या वजनानेही टेबलावर एक पास्कलच्या आसपास दाब पडतो. तो आकडा तीन कागदांएवढा म्हणायचा! उपायही साधे आहेत. दाराखाली रुंद फट, दारावर आरपार जाळी, छतातून बोळात उतरणारा छोटा डक्ट, किंवा पैसे असतील तर खोलीला स्वतःची रिटर्न.

तुम्ही म्हणाल, आमच्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे कुठे असतं? असतं. तुमच्या स्प्लिट एसीच्या डोक्यावरची जाळी म्हणजे रिटर्नच. हवा वरून आत जाते, गार होऊन खालून बाहेर येते. इंटिरिअरवाला देखणेपणासाठी त्याच्याभोवती फॉल्स सीलिंगची खोकी बांधतो, तेव्हा गार हवा वळून पुन्हा त्याच जाळीत शिरते. यंत्राला वाटतं खोली गार झाली, आणि पलंगावरचा माणूस घाम पुसत राहतो. शिवाय बहुतेक घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाहीत. खोलीतलीच हवा फिरवत राहतात. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरातल्या एका खिडक्या नसलेल्या हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवायला बसलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोरोना झाल्याचं आढळलं. संशोधकांनी बोट दाखवलं ते तीच ती हवा टेबलांवरून फिरवणाऱ्या एसीकडे. रीड आणि बीचर भगिनींची श्वासाची काळजी, जी आपण जुनाट म्हणून अडगळीत टाकली होती, ती मास्क लावून परत आली.

पार्लमेंटच्या भोकांपासून फ्लोरिडाच्या अडीच पास्कलपर्यंत सगळ्यांनी हवा आणायच्या सोयीवर बुद्धी आणि पैसा ओतला. तिच्या जाण्याचा विचार बहुतेक वेळा कुणाच्या तरी पायाला गारठा लागल्यावर, किंवा कुणी तरी गुदमरल्यावर झाला. आज रात्री खोलीचं दार लावून एसी सुरू कराल, तेव्हा एकदा त्याच्या वरच्या जाळीकडे बघा. फिल्टर धुवा, समोरचं खोकं काढायला सांगा, आणि झोपण्याआधी दहा मिनिटं खिडकी उघडी ठेवा.