पासाची रेषा कोण ओढणार?

सॉफ्टवेअरच्या कामात एक मोह नेहमी होतो. रिलीज तोंडावर असतं आणि टेस्ट फेल होते. कोड दुरुस्त करायला दोन दिवस लागणार असतात, टेस्टमधली अट सैल करायला दोन मिनिटं पुरतात. स्क्रीनवर हिरवा रंग दोन्ही वाटांनी येतो. अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा इतिहास वाचताना मला हाच मोह अख्ख्या देशाला झालेला दिसला.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. १७९१च्या दहाव्या दुरुस्तीनुसार केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. त्यामुळे शाळा राज्यांच्या आणि रोजचा कारभार स्थानिक स्कूल बोर्डांचा. वॉशिंग्टनच्या हातात उरला तो पैसा.

१९५७मध्ये सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी विज्ञान-गणिताच्या शिक्षणासाठी केंद्राची तिजोरी उघडली. १९६५मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरीब मुलांच्या शाळांना मदत देणारा मोठा कायदा केला. तरुणपणी त्यांनी टेक्सासमध्ये गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकवलं होतं. पण अभ्यासक्रमावर केंद्राचं नियंत्रण नसेल, हेही त्याच कायद्यात लिहिलं होतं.

म्हणजे पैसा द्यायचा, पण मुलांना काय यायला हवं ते सांगायचं नाही. १९८३च्या ‘अ नेशन अॅट रिस्क’ या अहवालाने शिक्षणाच्या घसरणीची धोक्याची घंटा वाजवली, तरी ही अडचण सुटली नाही. इतिहासाची राष्ट्रीय मानकं तयार झाली, तेव्हा १९९५मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांवर नापसंती नोंदवली.

मग २००२मध्ये जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी घ्यायची, आणि २०१४पर्यंत शंभर टक्के मुलं ‘प्रवीण’ झाली पाहिजेत. केंद्राचा निधी घेणारी शाळा वर्षानुवर्षं मागे राहिली तर कारवाई, अगदी फेररचनेपर्यंत. मात्र ‘प्रवीण’ म्हणजे किती गुण, हे प्रत्येक राज्याने आपलं आपण ठरवायचं!

पुढे काय झालं असेल, ते टेस्ट लिहिणारा कुणीही सांगेल. अनेक राज्यांनी रेषा खाली ठेवली, काहींनी ती आणखी खाली आणली. हे उघडं पडलं ते ‘नेप’ या राष्ट्रीय नमुना चाचणीमुळे. चौथीच्या वाचनात कित्येक राज्यांचं ‘प्रवीण’ हे नेपच्या ‘प्राथमिक’ पातळीच्याही खाली होतं. मूल पास असल्याचा कागद घरी येत होता आणि मुलाला धड वाचता येत नव्हतं.

मग गव्हर्नरांच्या आणि राज्यांच्या शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी मिळून २०१०मध्ये ‘कॉमन कोअर’ ही सामायिक मानकं आणली. चाळीसहून अधिक राज्यांनी ती घेतली. पण ओबामा सरकारने ४.३५ अब्ज डॉलरच्या निधीच्या स्पर्धेत अशा मानकांना गुण ठेवले, आणि ‘ही वॉशिंग्टनची घुसखोरी’ अशी ओरड सुरू झाली. २०१५च्या नव्या कायद्याने कुठलीही ठरावीक मानकं राज्यांच्या गळी उतरवायला केंद्राला मनाई केली.

मग सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. २००२च्या कायद्याने गरीब, कृष्णवर्णीय, अपंग, इंग्रजी नवीन असलेल्या मुलांचे निकाल वेगळे मांडायला लावले. ती अट २०१५नंतरही टिकली. शाळेच्या सरासरीमागे ही मुलं आता लपवता येत नाहीत.

आणि खरं बोलली ती नेप. तिच्या निकालावर कुठल्याही शाळेला बक्षीस नव्हतं, शिक्षाही नव्हती. म्हणून ती वाकवण्यात कुणालाच रस नव्हता. आता टेस्टमधली अट सैल करायला हात शिवशिवतो, तेव्हा मला पास झाल्याचा कागद घेऊन घरी जाणारं ते चौथीतलं मूल आठवतं.